उल्हासचे पाणकिडे आणि रानकोंबड्याचे पीस

ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा गळाला लावण्यासाठी जी 'फ्लाय' वापरतात, ती म्हणजे पीस, लोकर, रेशीम आणि बारीक तार यांनी गळावर बांधलेली कीटकाची प्रतिकृती. तिच्यात खाण्याजोगे काहीही नसते. मासा फसतो तो आकार, रंग आणि पाण्यावरची हालचाल पाहून. म्हणून ही कला दोन गोष्टींवर उभी आहे: नदीतल्या कीटकांची नेमकी ओळख आणि ती ओळख गळावर उतरवणारे साहित्य, मुख्यतः पिसे. या दोन्ही गोष्टी उल्हास नदीच्या खोऱ्याला परक्या नाहीत. परका आहे तो ट्राउट. तो या खोऱ्यात कधी नव्हता आणि येणे शक्यही नव्हते. त्यामुळे सह्याद्रीचा या कलेशी संबंध आला तो आडवाटेने. सह्याद्रीतल्या पक्ष्याचे पीस परदेशी गेले आणि त्याची किंमत झाली. ओढ्यांतल्या कीटकांकडे मात्र, नदी बिघडू लागेपर्यंत, फारसे कोणी पाहिले नाही.

खोरे आणि त्यातले कीटक

उल्हास नदी राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरांत उगम पावते. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर, कल्याण असा प्रवास करून ती वसईच्या खाडीवाटे समुद्राला मिळते. तिची लांबी सुमारे १२२ किलोमीटर आहे. बदलापूरपाशी लोहमार्गाच्या एका अंगाला नदीचे पात्र आहे, तर दुसऱ्या अंगाला माथेरान-चंदेरीची डोंगररांग. शिरगाव हे या डोंगराच्या अंगाचे जुने गाव. आज ते कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. याच बाजूला कोंडेश्वरचे शिवमंदिर, तिथला धबधबा आणि खडकात कोरले गेलेले कोंड आहेत. पावसाळ्यात डोंगरावरून उतरणारे ओढे उल्हासला मिळतात. फेब्रुवारी-मार्चपर्यंत त्यांतले बहुतेक आटतात आणि पाणी उरते ते डोहांत.

अशा ओढ्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाणी निवळल्यावर, धारेतला एखादा गोटा उचलून उलटा केला की त्याच्या ओल्या पाठीवर चपटे, तपकिरी, चपळ जीव सरपटताना दिसतात. ही मेफ्लायची पिल्ले. शेपटीला बहुधा तीन बारीक तंतू आणि पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले, यांवरून ती ओळखता येतात. वाहत्या पाण्यातला प्राणवायू हे कल्ले शोषून घेतात. धारेने वाहून जाऊ नये म्हणून काही जातींचे शरीर इतके चपटे असते की ते दगडाला जवळजवळ चिकटूनच असते. कित्येक आठवडे किंवा महिने असे पाण्याखाली काढल्यावर मेफ्लाय पृष्ठभागावर येते, कात टाकते आणि पंख घेऊन उडते. पंख फुटल्यानंतर ती आणखी एकदा कात टाकते. पंख आल्यावर कात टाकणारा असा कीटकगण आज दुसरा नाही. प्रौढ मेफ्लाय काहीच खात नाही. तिचे मुखावयव निकामी झालेले असतात. काही तासांत, फार तर एकदोन दिवसांत, नर-मादी थव्याने भेटतात, मादी पाण्यात अंडी सोडते आणि दोघेही मरून पाण्यावर पडतात.

त्याच दगडाखाली कॅडिस माशीची अळीही सापडते. ती लाळेतून रेशीम काढते. काही जाती या रेशमाने वाळूचे कण, काटक्या किंवा पानांचे तुकडे चिकटवून स्वतःभोवती नळीसारखे घर बांधतात. काही जाती दोन दगडांच्या फटीत बारीक जाळे विणून प्रवाहातून येणारे अन्न अडवतात. प्रौढ कॅडिसचे पंख केसाळ असतात आणि बसताना ती ते अंगावर उतरत्या छपरासारखे मिटते. रात्री ती दिव्याकडे येते, तेव्हा तिला पतंग समजण्याची चूक सहज होते. तिसरा गट स्टोनफ्लायचा. तिच्या पिल्लाला दोनच शेपट्या असतात आणि तिला थंड, खळाळते, स्वच्छ पाणी लागते. त्यामुळे हिमालयात तिचे कितीतरी प्रकार आढळतात. दक्षिण भारताच्या डोंगरांत मात्र मुख्यतः एकाच कुळाचे. याशिवाय चतुर आणि टाचणीची पाण्यातली पिल्ले, पृष्ठभागावर गोल गोल फिरणाऱ्या निवळ्या आणि तळाच्या गाळातल्या, कायरोनोमस या डासासारख्या माशीच्या लालभडक अळ्या असा या पाण्याचा परिवार आहे. कायरोनोमसच्या अळीचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो. त्याच्या आधारे ती जवळजवळ प्राणवायू नसलेल्या गाळातही तग धरते.

नकलेचा इतिहास

अशा कीटकाची नक्कल करून मासा धरण्याची सर्वांत जुनी सविस्तर नोंद इ. स. २०० च्या सुमारास इलियन या रोमन लेखकाने केली. मॅसिडोनियातल्या आस्ट्रियस नावाच्या नदीवर ठिपकेदार मासे एका विशिष्ट कीटकावर झेप घेतात, असे तो सांगतो. तो कीटक हातात धरला की त्याचा रंग आणि पंख बिघडतात, म्हणून तिथले कोळी त्याला आमिष म्हणून लावत नसत. त्याऐवजी ते गळाला लाल लोकर गुंडाळत आणि वर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधत. लोकर, पीस आणि कोंबडा हे साहित्य तेव्हापासून आजवर या कलेत टिकून आहे.

इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या गळाच्या मासेमारीवरील एका प्रबंधात बारा फ्लायच्या कृती आहेत आणि त्या महिन्यांनुसार लावल्या आहेत. कोणत्या महिन्यात कोणता कीटक पाण्यातून निघतो, हे मच्छीमारांनी तेव्हाच हेरले होते. आयझॅक वॉल्टनचे 'द कंप्लीट अँगलर' १६५३ मध्ये निघाले. त्याच्या १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटनने फ्लायवरचा भाग जोडला आणि डोंगरी नद्यांवरच्या स्वतःच्या अनुभवातून कीटकांचे तपशील दिले. खरे वळण मात्र १८३६ मध्ये आले. आल्फ्रेड रोनाल्ड्सने त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रत्येक कीटकाचे चित्र आणि त्याशेजारी त्याच्या फ्लायचे चित्र दिले, आणि कीटकाचे शास्त्रीय नावही सांगितले. मच्छीमाराची कारागिरी आणि कीटकशास्त्र तिथे एकाच पानावर आले.

पुढे फ्रेडरिक हॅलफोर्डने १८८६ च्या पुस्तकात पाण्यावर तरंगणाऱ्या कोरड्या फ्लायचा पुरस्कार केला, तर जी. ई. एम. स्क्यूजने १९१० मध्ये पृष्ठभागाखाली बुडणाऱ्या फ्लायची बाजू मांडली. ट्राउटचे बरेचसे खाणे पाण्याखाली, कीटक अजून पिल्लाच्या अवस्थेत असतानाच होते, असे त्याचे निरीक्षण होते. हा वाद नुसता हौसेचा नव्हता. मेफ्लायच्या आयुष्यातल्या कोणत्या घडीची नक्कल करायची, असा तो प्रश्न होता आणि त्याचे उत्तर नदीकाठी बसून कीटक पाहिल्याशिवाय मिळणारे नव्हते.

बांधणी आणि पीस

फ्लाय बांधणारा गळ एका छोट्या वाइसमध्ये घट्ट बसवतो. मेण लावलेला रेशमी धागा गळाच्या दांड्यावर पुढून मागे गुंडाळतो आणि मागच्या टोकाला पिसाचे तीनचार तंतू शेपटी म्हणून बांधतो. मग धाग्याला लोकर किंवा सशाच्या कानाचे केस चोळून तो धागा पोट म्हणून गुंडाळतो. पोटावरचे वळे दाखवण्यासाठी बारीक तार फिरवतो. शेवटी कोंबड्याच्या मानेचे एक लांब पीस गळाच्या डोळ्याजवळ कडेवर उभे धरून गोल गुंडाळले की त्याचे तंतू चहूकडे पसरतात. हेच कीटकाचे पाय आणि हीच पाण्यावर तोलून धरणारी आधाराची कड. डोक्याशी गाठ मारून वर रोगणाचा थेंब दिला की फ्लाय पुरी होते. जुन्या काळी ती ज्या दोरीला बांधत, तिचे टोक रेशमाच्या किड्याच्या रेशीमग्रंथीपासून ओढलेल्या पारदर्शक तंतूचे असे. काठीसाठी चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या सांधत. त्यासाठी अमेरिकेतले कारागीर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कलकत्त्याहून येणारा भारतीय बांबू वापरत.

भारताचा दुसरा वाटा पिसांचा. मोरपिसाच्या हिरव्या-तांबूस झाकेच्या तंतूंनी फ्लायचे पोट बांधण्याची रीत जुनी आहे, आणि ओले झाल्यावर त्या तंतूंची चकाकी खऱ्या कीटकाच्या अंगासारखी दिसते. पण सर्वांत जास्त मागणी होती ती राखी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसाला. हा पक्षी फक्त भारतात आढळतो. सह्याद्रीची रांग हे त्याचे मुख्य घर. उत्तरेला तो दक्षिण गुजरात आणि अबूपर्यंत जातो. फ्रेंच निसर्गअभ्यासक पियर सोनेरा याच्या नावावरून टेमिंक या प्राणिशास्त्रज्ञाने १८१३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. पाळीव कोंबडीची मुख्य पूर्वज तांबडी रानकोंबडी असली, तरी कोंबडीच्या कातडीचा पिवळेपणा राखी रानकोंबडीकडून आला, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसून आले.

नराच्या मानेचे पीस जवळून पाहिले की त्याला एवढी किंमत का होती ते समजते. पिसाचा रंग काळपट राखी. मधल्या दांड्यावर आधी एक पांढरा ठिपका आणि टोकाजवळ दुसरा, मेणासारखा पिवळसर. या ठिपक्यांच्या जागी पिसाचा दांडा रुंद आणि चपटा होऊन त्याचा गुळगुळीत, कडक पापुद्रा झालेला असतो. तो तंतूंचा बनलेला नसल्यामुळे पाण्यात भिजून चिकटत नाही आणि त्याची चमक जात नाही. फ्लायच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना असे एकेक पीस बांधले की लहान माशाचा डोळा तयार होतो, आणि शिकारी मासा डोळ्यावर झेप घेतो. ही पिसे नराला बारा महिने नसतात. विणीचा हंगाम संपल्यावर, पावसाळ्यात, ती गळून त्या जागी साधी काळपट पिसे येतात, आणि पुढे ठिपकेदार पिसे पुन्हा उगवतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडमध्ये सामन माशासाठी बांधलेली 'जॉक स्कॉट' ही फ्लाय प्रसिद्ध झाली. तिच्यात जगाच्या निरनिराळ्या भागांतल्या पक्ष्यांची पिसे एकत्र येतात, आणि दोन्ही बाजूंना असतात रानकोंबड्याची ठिपकेदार पिसे. जॉर्ज केल्सनने १८९५ च्या आपल्या ग्रंथात अशा कितीतरी फ्लायच्या कृती नोंदल्या. त्यांतल्या पुष्कळ कृती रानकोंबड्याच्या पिसाशिवाय पुऱ्या होत नाहीत. ट्राउटच्या फ्लायमध्येही ते पीस शिरले. सह्याद्रीतला पक्षी ज्यांनी कधी पाहिला नव्हता, अशा हजारो हातांत त्याचे पीस गेले.

पिसांचा व्यापार आणि कायदा

रानकोंबड्याचे पीस सुटे विकले जात नसे. मानेची पिसांसकट सोललेली कातडी विकली जाई. म्हणजे प्रत्येक कातडीमागे एक नर मारला जाई. हा व्यापार फार मोठ्या पिसांच्या व्यापाराचा एक छोटा फाटा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या स्त्रियांच्या टोप्यांसाठी भारतातून बगळे, खंड्या आणि इतर पक्ष्यांची पिसे बोटींनी जात आणि लंडनमध्ये त्यांचे लिलाव होत. टोप्यांची फॅशन आणि गळाची हौस या दोघींचे ओझे एकाच जंगलावर पडले.

या ओझ्याची जाणीव भारतातही वाढत होती. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. सोसायटीचे नियतकालिक १८८६ पासून निघू लागले आणि पक्षी, मासे, कीटक, शिकार अशा सगळ्या विषयांवर तिथे नोंदी होऊ लागल्या. १९०२ मध्ये भारत सरकारने रानपक्ष्यांच्या कातड्या आणि पिसे निर्यात करण्यास बंदी घातली. १९१२ च्या कायद्याने पक्षी मारण्यासाठी बंद हंगाम ठरवण्याची सोय केली. ब्रिटनने १९२१ मध्ये पिसांच्या आयातीवर बंदी आणणारा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी आणि पक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा देशभर लागू झाल्यावर रानकोंबड्याला कायद्याचे पक्के कवच मिळाले. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आले.

बंदीने मागणी संपली नाही, पण तिची दिशा बदलली. ब्रिटनमध्ये हौशी लोकांनी रानकोंबडे पिंजऱ्यात वाढवून त्यांची पिसे पुरवायला सुरुवात केली, आणि प्लॅस्टिकचे ठिपके, रंगवलेली कोंबड्याची पिसे असे पर्यायही निघाले. सह्याद्रीच्या जंगलावरचा भार त्यामुळे हलका झाला. आजही चंदेरीच्या उतारांवरच्या झाडीत पहाटे रानकोंबड्याची तुटक बांग ऐकू यावी, यामागे या कायद्यांचा मोठा हात आहे.

ट्राउट भारतात, पण सह्याद्रीत नाही

ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ट्राउट भारतात आणण्याचे प्रयत्न १८६० च्या दशकापासून केले. फ्रान्सिस डे या शल्यचिकित्सक आणि मत्स्यशास्त्रज्ञाने निलगिरीसाठी केलेला प्रयत्न फसला. बर्फात ठेवलेली अंडी एवढ्या लांबच्या प्रवासात टिकत नव्हती. काश्मीरमध्ये १८९९ ची पहिली खेप मेली, पण १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली अंडी जगली, आणि श्रीनगरजवळ हारवान येथे फ्रँक मिचेलच्या देखरेखीखाली ट्राउटची पैदास सुरू झाली. १९०७ च्या सुमारास एच. सी. विल्सनने निलगिरीत इंद्रधनुषी ट्राउट रुजवला. १९०९ मध्ये काश्मीरच्या अंड्यांवरून कुलू खोऱ्यात कतराइन येथे केंद्र उभे राहिले.

सह्याद्रीच्या वाट्याला ट्राउट आला नाही, याचे कारण पाण्याचे तापमान. ट्राउटला वीस अंशांच्या आतले पाणी मानवते. पंचवीसच्या वर गेले की त्याचा जीव धोक्यात येतो. निलगिरीत ज्या पाण्यात तो रुजला ते दोन हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे, पण त्याच्या माथ्यावर नदी नाही. बदलापूर तर जवळजवळ समुद्रसपाटीलाच आहे, आणि तिथे एप्रिल-मेमध्ये उथळ पाणी कोमट होते. शिवाय सह्याद्रीच्या नद्या पावसाळ्यात लोंढ्याने वाहतात आणि उन्हाळ्यात आटतात. बर्फाच्या पाण्यावर बारमाही वाहणाऱ्या हिमालयी ओढ्यांसारखी त्यांची चाल नाही.

इथले मासे आणि त्यांची नोंद

ट्राउट नसला, तरी कीटकांवर जगणारे मासे सह्याद्रीत होतेच. त्यांत बॅरिलियस हा वितभर, चंदेरी, अंगावर निळसर उभे पट्टे असलेला मासा खळाळत्या पाण्यात पृष्ठभागावरचे कीटक टिपतो. इंग्रज गळकरी त्याला 'हिल ट्राउट' म्हणत. फ्रान्सिस डेने १८७२ मध्ये या गटातल्या एका जातीचे वर्णन पुण्याच्या माशांवरून केले आणि तिला पुण्यातले अधिकारी कर्नल एव्हेझार्ड यांचे नाव दिले.

त्याआधी कर्नल विल्यम साइक्सने दख्खनच्या माशांची यादी केली होती. मुंबई इलाख्यात सांख्यिकीचे काम करताना त्याने पुण्याच्या मुळा-मुठा आणि भीमेच्या खोऱ्यातले मासे गोळा केले आणि १८३९ मध्ये त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यातली बरीचशी शास्त्रीय नावे स्थानिक लोक माशाला जे म्हणत त्यावरूनच ठेवली आहेत: खुद्री, मुसळा, कोळस. दख्खनच्या महशीराचे शास्त्रीय नाव आजही टॉर खुद्री असेच आहे. भोयांनी आणि कोळ्यांनी ओळखलेला मासा अशा रीतीने जगाच्या शास्त्रात नोंदला गेला.

महशीर हाच इंग्रजांच्या दृष्टीने भारतातला खरा गळाचा मासा. हेन्री सलिवन थॉमसने १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' लिहिले आणि त्यात महशीरासाठी काय लावावे, कुठे उभे राहावे, हे सविस्तर सांगितले. माशांचा नाश थांबवावा, अशी त्याची कळकळीची मागणी होती. नदीत सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्यास बंदी घालणारा भारतीय मत्स्य कायदा १८९७ मध्ये झाला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४८ मध्ये ए. सेंट जे. मॅक्डोनल्ड यांचे महशीर आणि इतर माशांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. भारतातल्या गळाच्या मासेमारीवरचे ते महत्त्वाचे पुस्तक ठरले.

उल्हासच्या काठच्या लोकांची मासेमारी मात्र वेगळ्या रीतीची होती, आणि ती पोटासाठी होती. पहिल्या पावसात ओढ्यांना पाणी आले की मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट दिशेने शेतांत आणि ओहोळांत चढतात. ठाणे-रायगडात यालाच वलगण म्हणतात. आगरी, कोळी, ठाकर आणि कातकरी घरांत वलगणीचे मासे हा वर्षाचा मोठा प्रसंग असतो. त्यासाठी बांबूच्या काड्यांची निमुळती खोईन प्रवाहाच्या तोंडाशी रोवतात. डोहात पाग टाकतात, आणि गळाला गांडूळ लावतात. पिसाच्या नकली कीटकाची या पद्धतींना गरज पडली नाही. खरा कीटक आणि खरे गांडूळ हाताशी होते, आणि मासा किती मोठा आहे यापेक्षा घरातल्या किती जणांना पुरेल हा प्रश्न मोठा होता.

काही जागी मासे देवाचे मानून राखले गेले. वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे येथे आणि महाडजवळ वाळणकोंड येथे देवस्थानाच्या डोहांत महशीर राखलेले आहेत. तिथे त्यांना कोणी धरत नाही. भाविक त्यांना कुरमुरे, फुटाणे घालतात. या श्रद्धेने माशांच्या जाती वाचवल्या, त्याही कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून.

पाण्यातले बदल

लोहमार्ग १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीपर्यंत पोहोचला आणि उल्हासचे खोरे मुंबईला जोडले गेले. १९२२ मध्ये भिवपुरी येथे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. भीमेच्या खोऱ्यातल्या आंद्रा नदीवरच्या ठोकरवाडी जलाशयाचे पाणी तिथे घाट उतरून टर्बाइन फिरवते आणि नंतर उल्हासला मिळते. एरवी उन्हाळ्यात आटली असती अशी नदी त्यामुळे बारमाही वाहू लागली. पाण्यातल्या जिवांच्या दृष्टीने हा मोठा बदल होता: ज्या कीटकांना आणि माशांना डोहात तग धरून पाऊस येण्याची वाट पाहावी लागे, त्यांना मुख्य पात्रात वाहते पाणी वर्षभर मिळू लागले.

घाटमाथ्यावर लोणावळ्याजवळ टाटांच्याच वळवण येथील केंद्रात १९७० च्या दशकात महशीराची कृत्रिम पैदास यशस्वी झाली. त्या कामाचे प्रमुख मार्गदर्शक होते डॉ. सी. व्ही. कुलकर्णी, महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक. त्यांनीच १९४० मध्ये कोकणच्या खाड्यांतल्या एका अत्यंत छोट्या, पारदर्शक माशाचे वर्णन करून त्याला होराइक्थिस सेटनाय हे नाव दिले होते. सुंदरलाल होरा आणि एस. बी. सेटना या दोन मत्स्यशास्त्रज्ञांचा त्यात गौरव आहे. वळवणला तयार झालेली महशीराची अंडी ओल्या कापसात बांधून इतर राज्यांत पाठवण्यात आली. पुढे असे दिसून आले की कावेरीत सोडलेल्या दख्खनच्या महशीराने तिथल्या स्थानिक, पाठीला उंचवटा असलेल्या महशीरावर ताण आणला. त्या स्थानिक जातीची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये टॉर रेमादेवी अशी पक्की झाली. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडताना तिथले मूळ रहिवासी आधी नीट ओळखले पाहिजेत, हा धडा त्यातून मिळाला.

खालच्या खोऱ्यात बदल वेगळे झाले. १९४९ मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागी सिंधी निर्वासितांसाठी उल्हासनगर वसवले गेले. अंबरनाथ आणि बदलापूरला औद्योगिक वसाहती आल्या. बारवी नदीवर धरण झाले, आणि उल्हासचे पाणी लाखो लोकांना पिण्यासाठी जाऊ लागले. अंबरनाथच्या डोंगरांतून निघणारी, अकराव्या शतकातल्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी नदी सांडपाणी आणि रसायनांनी काळी पडली. उल्हासच्या पात्रातही उन्हाळ्यात जलपर्णीची हिरवी चादर पसरते. ती घरगुती सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसते आणि पाण्यावरचा प्रकाश व प्राणवायू अडवते.

कीटकविद्येचा नवा उपयोग

मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिस हे तीन कीटकगण फ्लाय बांधणाऱ्यांनी शेकडो वर्षे बारकाईने पाहिले. आज जगभर नद्यांचे आरोग्य मोजण्यासाठी हेच तीन गण एकत्र मोजले जातात. कारण साधे आहे: तिघांचीही पिल्ले पाण्यातच श्वास घेतात, महिनोन्महिने एकाच जागी राहतात, आणि प्राणवायू कमी झाला किंवा विषारी द्रव्य मिसळले की सर्वांत आधी नाहीशी होतात. प्रयोगशाळेत तपासलेला पाण्याचा नमुना तो भरला त्या क्षणाचीच स्थिती सांगतो. दगडाखालचे कीटक मात्र मागच्या कित्येक महिन्यांत नदीवर काय बेतले ते सांगतात. रात्रीतून सोडलेले सांडपाणी सकाळपर्यंत वाहून गेले तरी मेलेली पिल्ले परत येत नाहीत. जिथे फक्त कायरोनोमसच्या लाल अळ्या आणि गाळातले किडे उरतात, तिथे पाणी बिघडल्याचा निर्वाळा मिळतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही भारतीय नद्यांसाठी तळाच्या जिवांच्या कुळांवर आधारित जैविक निकष तयार केले आहेत.

ही पद्धत महाग नाही. बारीक जाळी, पांढरी थाळी, भिंग आणि गण ओळखण्यापुरते प्रशिक्षण एवढ्यावर ती चालते. शाळा-महाविद्यालयांतले विद्यार्थी ती शिकू शकतात. कोंडेश्वरच्या ओढ्यापासून बदलापूरच्या बंधाऱ्यापर्यंत आणि पुढे कल्याणच्या खाडीपर्यंत ठरावीक ठिकाणी, पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याआधी अशी दरवर्षी दोनदा मोजणी झाली, तर नदी कुठे बिघडते आणि कुठे सावरते याचा नकाशा काही वर्षांत हाती येईल. पिण्याच्या पाण्यासाठी याच नदीवर अवलंबून असलेल्या शहरांना अशा नकाशाची नितांत गरज आहे.

उल्हासच्या खोऱ्यात ट्राउटची हौस रुजली नाही, आणि त्यात या खोऱ्याचे काही नुकसान झाले नाही. सह्याद्रीच्या पक्ष्याची पिसे जेव्हा परदेशी जात होती, तेव्हा नफा दुसऱ्यांचा आणि तोटा जंगलाचा होता. कायद्याने तो थांबवला. या कलेतले खरोखर घेण्याजोगे धन म्हणजे नदीकाठी थांबून, दगड उलटून, कीटकाची जात, महिना आणि अवस्था ओळखण्याची सवय. ती इंग्लंडच्या नदीवर मासा धरण्यासाठी उपयोगी पडली. उल्हासवर ती नदी राखण्यासाठी उपयोगी पडू शकते, आणि त्यासाठी लागणारे कीटक अजून डोंगराच्या ओढ्यांत आहेत.